१२ सीटच्या गाडीत ज्येष्ठांना चढता-उतरता यावं म्हणून पायरी, दांडी आणि व्हीलचेअरची सोय कशी करावी? (इंदूर)

राजेंद्रनगर_मंडळ विचारतात:

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाकडे टेम्पो ट्रॅव्हलर छापाची १२ सीटची जुनी गाडी आली आहे. एमवाय रुग्णालयात तपासणीसाठी, महिन्यातून एकदा खजराना गणपतीला, कधी अन्नपूर्णा मंदिरात असा तिचा वापर होणार. ने-आण करायची मंडळी ७० ते ८५ वयाची आहेत. चौघांच्या हातात काठी, दोघींना वॉकर, एका काकांची डावी बाजू अर्धांगवायूने कमजोर झालेली, आणि एक आजी व्हीलचेअरवर. आजींचं वजन ७० किलो. खुर्ची साधी घडीची, १८ किलोची.

टेपने घेतलेली मापं अशी: रस्त्यापासून पहिली पायरी ४१० मि.मी., तिथून आतली फरशी आणखी ३०० मि.मी., म्हणजे एकूण ७१०. पायरीच्या खोबणीची खोली ५२० मि.मी. दार डावीकडे, सरकतं, उघडल्यावर मोकळी रुंदी ७६०. दांडी म्हणाल तर दाराच्या आत एकच, तीही पुढच्या बाजूला.

सांवेर रोडवरचे एक फॅब्रिकेटर म्हणतात, बाहेर २०० मि.मी. उंचीवर लोखंडी पायरी वेल्ड करू, आणि खुर्चीसाठी दीड मीटरच्या दोन लोखंडी पट्ट्या देऊ. हे बरोबर आहे का? पैसे एकदाच खर्च करता येणार आहेत, त्यामुळे आधी नीट समजून घ्यायचं आहे.

---

बॉडीशॉप_पीथमपूर:

मापं दिलीत हे फार चांगलं केलंत, नुसत्या फोटोवरून काहीच सांगता आलं नसतं.

बाहेरची पायरी हवीच, पण एवढ्याने काम होणार नाही. ती २०० ऐवजी बरोबर मध्ये, २०५ वर लावली तर टप्पे होतील २०५, २०५ आणि ३००. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खरा त्रास त्या शेवटच्या ३०० च्या टप्प्याचा आहे, आणि तो जसाच्या तसा राहतो. पाय दोन टप्पे सारख्या उंचीचे चढतो, तिसऱ्यालाही तेवढाच उचलला जातो आणि बोट अडकतं. म्हातारी माणसं दारात पुढे पडतात ती बहुतेक अशीच. तुमची खोबण ५२० खोल आहे, तेव्हा तिच्या आतल्या अर्ध्या भागात १५० उंचीचा एक ठोकळा बसवा. दोन्ही पायऱ्यांना २६० खोली मिळेल आणि टप्पे होतील २०५, २०५, १५०, १५०. खोली २५० च्या खाली जात असती तर हा ठोकळा सुचवला नसता. टाच हवेत राहिली की उतरताना माणूस घसरतो.

बाहेरची पायरी कायमची वेल्ड करू नका. मानकातला गतिरोधक १०० मि.मी. उंच आणि चांगला पसरट असतो, पण कॉलन्यांमधले गतिरोधक त्याहून उंच आणि अरुंद असतात. गाडी भरली की स्प्रिंगा दबून पायरी आणखी खाली येते. दोन-चार वेळा घासली की वाकते, आणि वाकलेली पायरी बाहेरच्या बाजूला उतरती होते, म्हणजे पावसात घसरगुंडी. आत सरकणारी किंवा वर घडी होणारी पायरी करा. हाताने ओढायची असेल तर आत आणि बाहेर अशा दोन्ही स्थितींत स्प्रिंगच्या पिनने पक्की अडकली पाहिजे. मोटरवाली घेतलीत तर ती दाराच्या स्विचला जोडा, आणि पायरी बाहेर असताना ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागेल असं करा.

मजबुती अशी: ४०×४०×३ मि.मी. चौकोनी पाइपची चौकट, वर ३ मि.मी. ॲल्युमिनियमची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा), खोली किमान २५०, रुंदी जवळजवळ दाराइतकी. पायरीचा भार चॅसिसच्या आडव्या मेंबरवर किंवा त्याला जोडलेल्या ब्रॅकेटवर यायला हवा. बॉडीच्या पत्र्यावर लटकवली तर वर्षाच्या आत पत्रा फाटतो. चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका, वेल्डिंगही नको. बोल्ट उभ्या भागातून, शक्यतो कंपनीच्या तयार भोकांतून घ्या. एम-१०, ८.८ ग्रेड, नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणाऱ्या) नटसकट. बाकी कुठेही वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढायला लावा, नाहीतर गाडीचा कंट्रोल युनिट जळू शकतो. काम झालं की पायरीच्या अगदी बाहेरच्या काठावर दोन धडधाकट माणसं एकदम उभी करून बघा. पायरी दिसण्याइतकी झुकली तर परत पाठवा.

चेकर प्लेट ओली झाली की गुळगुळीत होते, विशेषतः चपलेच्या झिजलेल्या तळव्याखाली. प्रत्येक पायरीच्या काठावर ५० मि.मी. रुंदीची पिवळी खरखरीत पट्टी लावा. मोतीबिंदू असलेल्या माणसाला करड्या पायरीचा करडा काठ दिसतच नाही. पायरीवर उजेड पडेल असा छोटा एलईडी दिवा खालच्या बाजूला लावा, डोळ्यांवर येईल असा नको.

दांड्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, पण त्यावर कुणी थेरपीवाल्याने आधी बोलावं.

---

सुलभा_ओटी:

दांडी दोन्ही बाजूंना पाहिजे, यात तडजोड करू नका. कारण तुमच्या त्या काकांवरूनच सांगते. त्यांची डावी बाजू कमजोर आहे, म्हणजे धरणारा हात उजवा. गाडीकडे तोंड करून चढताना उजवा हात कुठल्या काठाकडे येतो, हे कागदावर काढून बघा: गाडीचं तोंड उत्तरेला ठेवा, दार पश्चिमेला येईल. चढणारा पूर्वेकडे बघतो, म्हणून त्याचा उजवा हात दक्षिणेला, म्हणजे गाडीच्या मागच्या काठाकडे. तुमची एकुलती दांडी पुढच्या काठाला आहे, म्हणजे चढताना काकांच्या नेमक्या लुळ्या हाताकडे. उतरताना तोंड फिरतं आणि तीच दांडी चांगल्या हाताकडे येते. म्हणून "उतरतात तर नीट, चढताना का घाबरतात" असं वाटत असेल, तर दोष काकांचा नाही, दांडीचा आहे.

दांडीची मापं: पाइपचा व्यास ३० ते ३५ मि.मी., पत्र्यापासून बोटं जाण्याइतकी ४० ते ४५ मोकळी जागा. सुरुवात इतक्या खालून हवी की रस्त्यावर उभ्या माणसाचा हात सहज पोचेल, म्हणजे रस्त्यापासून साधारण ९०० वर. तिथून पायऱ्यांच्या चढाबरोबर तिरकी वर जाऊन आतल्या फरशीपासूनही ९०० पर्यंत, मध्ये खंड न पडता. छताला लोंबणारे पट्टे या मंडळींच्या कामाचे नाहीत. खांदा वर उचलला जात नाही, आणि पट्टा झुलतो. सरकत्या दारावर दांडी लावू नका, धरलेली वस्तू हलली की माणूस जातो. आणि चकचकीत स्टीलला प्लास्टिकचं किंवा नायलॉनचं आवरण द्या. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची उघडी दांडी हातात धरवत नाही, मग माणूस ऐन पायरीवर हात सोडतो.

चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. हे ड्रायव्हर आणि मदतनीस दोघांनाही पाठ असू द्या. मदत करणाऱ्याने उतरणाऱ्याच्या समोर, एक पायरी खाली, थोडं बाजूला उभं राहावं. काकांच्या लुळ्या हाताला किंवा काखेत धरून कधीही ओढायचं नाही. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल असतात आणि ओढल्याने सांधा निसटतो. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा.

वॉकर घेऊन पायरी चढायची नाही. वॉकर मदतनिसाकडे, दोन्ही हात दांड्यांवर. काठीसाठी दाराशी एक कडी ठेवा, कारण काठी काखेत दाबून चढणारा एक हात गमावतो. दारालगतच्या दोन सीट या लोकांसाठी राखा. सीटची उंची फरशीपासून ४३० ते ४५० असावी आणि सीटचा वाटेकडचा हात (आर्मरेस्ट) वर उचलता येणारा असावा. त्याहून खाली असेल तर उठताना गुडघ्यांचा जोर लागतो. सीट वर करायला नुसती उशी ठेवू नका, ती सरकते. आधार सीटच्या खाली द्या.

कुणाला पार्किन्सन असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा थांबतो. घाई केली की आणखी घट्ट थांबतो. फरशीवर आडव्या पिवळ्या पट्ट्या असतील तर त्या ओलांडायच्या म्हणून पाय उचलला जातो. पट्ट्या तशाही लावणारच आहात, एक-दोन जास्त लावा.

---

बॉडीशॉप_पीथमपूर:

सुलभाताईंनी दांडीचं गणित कागदावर मांडून दाखवलं, ते फॅब्रिकेटरलाही तसंच दाखवा. त्यात एवढंच घालतो: दांडी पत्र्यात स्क्रू मारून लावली तर दोन महिन्यांत भोक मोठं होतं आणि ती हलायला लागते. आतून ३ मि.मी. ची पाटी देऊन आरपार बोल्ट घ्या. एका दांडीने १५० किलोची ओढ सहन केली पाहिजे, कारण पडणारा माणूस सगळं वजन तिच्यावर टाकतो.

---

चारचाकी_खुर्ची:

दीड मीटरच्या पट्ट्यांबद्दल स्पष्ट सांगतो: नको. ७१० मि.मी. उंची दीड मीटरमध्ये चढायची म्हणजे सुमारे २८ अंशांचा चढ. आजी ७० आणि खुर्ची १८, एकूण ८८ किलो. एवढ्या चढावर नुसतं धरून ठेवायलाच ४१-४२ किलोचा जोर लागतो, ढकलायला त्याहून जास्त. ढकलणाऱ्याचा पाय दोन पट्ट्यांच्या मध्ये, खाली रस्त्यावर. तो जरा घसरला तर खुर्ची मागे उलटते, आणि आजींचं डोकं आधी आपटतं. शिवाय पुढची छोटी चाकं मागच्या चाकांच्या रेषेत नसतात, त्यामुळे पट्टीवरून एखादं चाक उतरतंच.

इमारतीत रॅम्पचा चढ १:१२ ठेवतात. गाडीसाठी, मागे मजबूत माणूस असेल तर, १:६ पर्यंत चालवून घेता येतं. तुमच्या गाडीला १:६ म्हणजे सव्वाचार मीटरहून लांब रॅम्प. एवढी जागा राजवाड्याजवळ सोडाच, दवाखान्याच्या पोर्चमध्येही मिळणार नाही. उंच फरशीच्या गाडीला रॅम्प बसत नाही, हाच निष्कर्ष. शहरातल्या लो-फ्लोअर बसची फरशी ४०० मि.मी. वर असते आणि बस दाराच्या बाजूला खाली झुकते, म्हणून तिथे फूटपाथवरून एक मीटरचा रॅम्प पुरतो. तो रॅम्प बघून आपल्याही गाडीला लावावा असं वाटतं, पण फरक फरशीच्या उंचीत आहे.

तुमच्यापुढे दोन मार्ग उरतात. एक, मागच्या दाराला विजेवर चालणारी लिफ्ट. प्लॅटफॉर्म साधारण ८००×१२०० मि.मी., क्षमता ३०० किलो. काठाला आपोआप वर उठणारी पट्टी हवी, नाहीतर खुर्ची पुढे घरंगळते. हँडब्रेक ओढला नसेल तर लिफ्ट चालू होऊ नये, अशी जोडणी हवी. बॅटरी बसली तर हाताने चालणारा पंप हवा, आणि तो दर महिन्याला एकदा चालवून बघायचा, कारण गरज पडते तेव्हा तो अडकलेला असतो. वायर जाड, आणि बॅटरीजवळच फ्यूज. लिफ्टचं स्वतःचं वजन मागच्या ॲक्सलवर येतं, तेव्हा मागच्या दोन-तीन सीट काढाव्या लागतील. आणि मागचं दार हा संकटकाळचा मार्ग असेल तर तो लिफ्टने बंद होता कामा नये.

लिफ्ट बसवली तर खुर्ची बांधायची सोय तिच्यासोबतच यायला हवी. खुर्ची पुढे तोंड करून, कधीही आडवी नाही. चार पट्टे, चारही खुर्चीच्या वेल्ड केलेल्या चौकटीला. चाक, फूटरेस्ट, हात यांना नाही, ते निघून येतात. मागचे पट्टे फरशीशी ३० ते ४५ अंश, पुढचे ४० ते ६० अंश. खुर्चीचा ब्रेक लावला म्हणजे बांधली, असं नाही. माणसाला वेगळा तीन टोकांचा बेल्ट, कमरेच्या हाडावरून, खुर्चीच्या हाताच्या आतून. हातावरून गेला तर बेल्ट पोटापासून लांब राहतो आणि धडकेत पोटात घुसतो. फरशीतल्या हुकांना खाली पाटी द्या, बोल्ट आडव्या मेंबरमधून. प्लायमध्ये मारलेला हुक म्हणजे काही नाही. आंतरराष्ट्रीय मानकात हे पट्टे ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेला, २० पट गुरुत्वाकर्षणाच्या झटक्याने तपासतात. त्यावरून जोराचा अंदाज करा.

दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतो. एकच आजी आहेत, खुर्ची साधी घडीची आहे, आणि अशी खुर्ची धडकेत सीट म्हणून टिकेल याची कुणी खात्री दिलेली नसते. त्यांना गाडीच्या सीटवर बसवा, तिथला बेल्ट लावा. पण ७१० मि.मी. वर उचलून नको, त्यात मदतनिसांच्या कमरा जातात. एखाद्या सभासदाची कमी उंचीची कार त्या दिवशी आजींसाठी ठेवा. घडी केलेली खुर्ची मात्र बांधूनच न्या. त्याच २० पटीने १८ किलोची खुर्ची ३६० किलोच्या जोराने पुढच्या सीटवर येते.

---

राजेंद्रनगर_मंडळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. दांडीचं चित्र काढलं, आणि काका चढताना का अडतात ते पहिल्यांदा कळलं. लिफ्टचा विचार सध्या सोडतो. आता दोन प्रश्न. पायरी-दांडीसाठी आरटीओची परवानगी लागते का? आणि आजींना कारने न्यायचं तर कोणत्या कारमध्ये बसवणं सोपं? फिरणारी सीट मिळते म्हणे.

---

कागदपत्र_काका:

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. सीट कमी केल्या तर नोंदणीतली आसनसंख्या बदलते, तेव्हा नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारा, काम करून झाल्यावर नाही. पायरी आणि दांडीचं साधं रेखाचित्र मापांसकट सोबत जोडा, आणि तसंच एक पत्र विमा कंपनीला द्या. दाव्याच्या वेळी न कळवलेला फेरफार आडवा येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीची वेगळी व्याख्या आली. पण तिच्यात ती गाडी केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरायची आहे. मंडळाची गाडी सगळ्यांची, म्हणून त्या व्याख्येवर विसंबू नका. १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव सीट, काठी-वॉकर अडकवायची सोय, दांड्या आणि व्हीलचेअरची सोय यांचे नियम आहेत. तुमची गाडी जुनी असली तरी अर्जात त्यांचा उल्लेख करा. तुम्ही करताय ते नियमांच्या दिशेनेच आहे, हे अधिकाऱ्याला कळेल.

---

सुलभा_ओटी:

कार निवडताना ब्रोशर बाजूला ठेवा आणि आजींच्या गुडघ्यामागच्या खळगीची उंची मोजा, चपलेसकट. सीटचा पुढचा काठ त्याहून थोडा वर असेल तर बसणं-उठणं सोपं. फार खाली असेल तर आत पडल्यासारखं बसावं लागतं, फार वर असेल तर ढुंगण टेकतच नाही. दुसरं माप उंबऱ्याचं: दाराखालचा पत्रा बाहेरून किती रुंद आहे आणि आतली फरशी त्याहून किती खोल आहे. रुंद आणि खोल उंबऱ्यावरून पाय आत घेणं जड जातं. तिसरं, दार किती उघडतं. टाटा अल्ट्रोज आणि पंच या दोन्हींची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात. पण अल्ट्रोजची बैठक खाली आणि पंचची वर, म्हणून नुसत्या दारावर जाऊ नका. वॅगनआरसारखी उभट गाडी बहुतेक आजींना मानवते.

बसवताना: पुढची डावी सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली. आधी गाडीकडे पाठ, मग बसणं, मग पाय आत. डोकं छताच्या काठाला लागू नये म्हणून मदतनिसाचा हात तिथे. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर वळणं सोपं होतं, पण वळून झालं की काढा. तशीच राहिली तर धडकेत माणूस बेल्टखालून पुढे घसरतो. खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर खुबा ९० अंशांहून जास्त वाकू देऊ नका.

दाराच्या चौकटीत कुलूप अडकतं त्या लोखंडी कडीत बसवायची एक मूठ बाजारात मिळते. पुढच्या डाव्या दारातून उतरताना ती माणसाच्या डाव्या हाताला येते. म्हणून उजवी बाजू कमजोर असणाऱ्यांना ती फार उपयोगी, तुमच्या काकांना नाही. त्यांना पुढच्या खांबावरची पक्की मूठ हवी.

---

बॉडीशॉप_पीथमपूर:

फिरत्या सीटबद्दल. मारुतीने २०२५ च्या अखेरीस वॅगनआरसाठी ती आणली आहे, शोरूममधूनच बसवतात. तीच बघा. सीटखाली बेअरिंगची थाळी वेल्ड करून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. बेल्टचं बक्कल सीटला जोडलेलं असतं आणि बेल्टच्या बैठकीला चाचणीत १३.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १३७५ किलोचा जोर सोसावा लागतो. शिवाय सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला एअरबॅगच्या वायरी असतात.

पायरीचं शेवटचं: लोखंड कापण्याआधी १८ मि.मी. प्लायचा तोच ठोकळा आणि बाहेरची पायरी तात्पुरती करून गाडीला लावा, खाली विटांचा भक्कम आधार देऊन. दांडीच्या जागी पाइप दोरीने बांधा. काकांना, वॉकरवाल्या दोघींना आणि काठीवाल्या चौघांना दोन-दोनदा चढवा-उतरवा, शेजारी माणूस उभा ठेवून. कुणाचा हात कुठे जातो तिथे खडूने खूण करा. दांडीचं खालचं टोक त्या खुणांमधल्या सर्वांत खालच्या खुणेवर आलं पाहिजे, माझ्या किंवा सुलभाताईंच्या मापावर नाही.